भर दुपारी बंद पडणारा इन्व्हर्टर: मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरचं प्रकरण

मार्चमध्ये कोकण किनाऱ्यावर काही दुपारी मे महिन्यापेक्षा जास्त तापतात. पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा, गरम वारा सुटलेला असतो आणि समुद्रावरचा वारा दुपार कलेपर्यंत आत शिरत नाही. अशाच दिवसांत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरची तक्रार आली. इन्व्हर्टर दुपारी टीं टीं करतो आणि बंद पडतो. अर्धा तास थांबलं की आपोआप सुरू होतो, मग पुन्हा तेच.

बोट पंधरा मीटरच्या आसपासची, लाकडी बांधणीची, वरून फायबर मारलेली. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याला २४ व्होल्टचा अल्टरनेटर, आणि १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक जोडून २४ व्होल्ट. तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि सात खलाशी, पाच-सहा दिवसांची एक फेरी. इन्व्हर्टरवर केबिनचे चार पंखे, डेकवर काम करताना लागणारे एलईडी फ्लड, टीव्ही आणि सगळ्यांचे मोबाइल. हे फ्लड जाळं ओढताना उजेड पडावा एवढ्यापुरते, ५० वॅटचे सहा. एलईडीच्या झोतावर मासे गोळा करायची पद्धत २०१७ पासून केंद्राच्या आदेशाने बंद आहे आणि ती बंदच असायला हवी. इथे तो विषय नव्हता.

माझ्यापर्यंत तक्रार येण्याआधी दोन उपाय झाले होते. आधी बॅटऱ्या नवीन आणल्या. मग ९०० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर काढून १५०० व्हीएचा, तोही घरगुतीच, बसवला. आठवडाभर बरं चाललं, मग परत पहिले पाढे पंचावन्न. दुकानदाराने आता २५०० व्हीएचा घ्यायला सांगितला होता आणि नाखव्याने, म्हणजे बोटीच्या मालकाने, मला तो बसवून द्यायला बोलावलं होतं. मी म्हटलं, आधी आहे तो का तापतो ते बघू. मोठा इन्व्हर्टर त्याच खोक्यात कोंबला तर तोही तापेल, आणि रिकामा चालतानाही बॅटरी जास्त खाईल.

घाई करण्यासारखं एक कारण मात्र होतं. तांडेलकाकांनी जीपीएस प्लॉटरचा (बोट नकाशावर कुठे आहे ते दाखवणाऱ्या स्क्रीनचा) अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्याच बोर्डात खुपसला होता. एका रात्री जयगडच्या बाहेर, जिथून मोठी मालवाहू जहाजं बंदरात जातात, तिथेच इन्व्हर्टर पडला. "स्क्रीन काळी झाली आणि डाव्या अंगाला जहाजाचे दिवे," एवढंच ते म्हणाले. प्लॉटर, वायरलेस आणि नेव्हिगेशनचे दिवे यांची वायर थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूज घालूनच यायला हवी. बाकीचं काम बाजूला ठेवून त्याच दिवशी प्लॉटर २४ व्होल्टवर घेतला. त्याच्या मागच्या प्लेटवर १० ते ३५ व्होल्ट असं छापलेलंच होतं. म्हणजे २४ व्होल्टच्या बोटीवर १२ व्होल्ट वेगळे काढून त्याचे २३० करायचे आणि अ‍ॅडॉप्टरने पुन्हा १२ करायचे, हा सगळा उपद्व्याप विनाकारण चालला होता.

कॅलेंडरवरच्या नोंदी

सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: ऊन. पण तांडेलांशी बोलताना कळलं की रात्रीही इन्व्हर्टर पडतो. मग ऊन एकटं कसं जबाबदार? म्हणून पुढच्या फेरीला एका खलाशाला सांगितलं की केबिनमधल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता पडला, तेव्हा काय काय चालू होतं आणि किती वेळाने परत आला. मुलगा नेपाळचा, अक्षर सुरेख. त्याने मी सांगितलं नव्हतं तेही लिहिलं. इन्व्हर्टरच्या तोंडावर दोन लाल दिवे होते, त्यांतला कोणता लागला होता, त्याची खूण केली.

ते कॅलेंडर हाती आल्यावर निम्मं काम झालं. दुपारी इन्व्हर्टर पडायचा तेव्हा 'टेम्प'चा (तापमानाचा) दिवा, आणि परत यायला अर्धा तास. रात्री पडायचा तेव्हा 'लो बॅट'चा (बॅटरीचे व्होल्ट कमी झाल्याचा) दिवा, आणि लोड काढला की लगेच परत. शिटी दोन्ही वेळेला सारखीच वाजते, म्हणून बोटीवर सगळे एकच आजार समजत होते. दुसरं म्हणजे दोन्ही प्रकारांत वेळ जाळं ओढण्याची होती. जाळं वर आलं की मासे आणि डेक धुवायला अर्धा अश्वशक्तीचा मोनोब्लॉक पंप लावायचे, तोही इन्व्हर्टरवर. हा पंप मला सुरुवातीला कोणी सांगितलाच नव्हता, कारण तो "कधीतरीच" लागायचा. इंजिनच्या बेल्टवर चालणारा डेकवॉशचा पंप बोटीवर होताच, पण त्याचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) झिजलेला होता आणि सीझनच्या गर्दीत तो बदलायला कुणाला सवड झाली नव्हती.

अर्ध्या अश्वशक्तीची मोटर म्हणजे कागदावर ३७० वॅट, पण ती विजेतून साडेपाचशेच्या आसपास घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढते. त्यात हा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नव्हता, पायऱ्या-पायऱ्यांच्या लहरीचा होता. त्यावर मोटर घरघरते, स्वतः तापते आणि जास्त करंट खाते.

खोकं

इन्व्हर्टर होता तांडेलच्या बाकाखाली. १८ एमएम प्लायचं खोकं, पुढे झाकण, झाकणाला हाताने पाडलेली चार भोकं. मागच्या पार्टिशनच्या पलीकडे इंजिनरूम, आणि सायलेन्सरचा पाइप त्याच पार्टिशनला हातभर अंतरावरून वर गेलेला. पाइपवरचं ग्लास वूलचं गुंडाळण एका जागी फाटून लोंबत होतं. खोक्यावर ओलं गोणपाट घातलेलं. दुपारी इन्व्हर्टर थंड राहावा म्हणून खलाशी बादलीने त्यावर समुद्राचं पाणी मारायचे. भावना चांगली, पण ते पाणी प्लायच्या फटीतून थेट टर्मिनलवर ठिबकत होतं. थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या जोडावर) हिरवट-निळी बुरशी चढावी तसा तांब्याचा क्षार चढला होता आणि खालच्या दोन स्क्रूंची डोकी गंजून गेली होती.

इन्व्हर्टर उघडला. आतला हीट सिंक म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांची रांग. पण पाती दिसेनात. पंख्याच्या बाजूची पहिली दोन इंच पूर्ण बुजलेली होती: नायलॉनच्या जाळ्याचे तंतू, डिझेलची काजळी, तेलकट वाफ आणि मीठ, सगळं एकत्र दाबून बसलेलं. नखाने उचकटलं तर कापडाच्या तुकड्यासारखा एक अखंड पट्टा निघाला. पंखा फिरत होता, आवाज करत होता, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं की वारा जातोय. वारा जात नव्हता.

मग मोजमाप. बाहेर सावलीत ३६ अंश. इन्व्हर्टर बंद ठेवून फक्त इंजिन तासभर चालवलं, तर खोक्यात ४७. म्हणजे यंत्र चालू व्हायच्या आधीच बाहेरच्या हवेपेक्षा ११ अंश जास्त, आणि ते इंजिनकडून आलेले. नंतर पंखे, फ्लड, टीव्ही, चार्जर असा सगळा मिळून ६५० वॅटचा लोड लावला. पाऊण तासात खोकं ६३ वर गेलं आणि 'टेम्प'चा दिवा लागला.

लांबून तापमान मोजणारी टेम्परेचर गन वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: तिने चकचकीत अ‍ॅल्युमिनियम मोजलं तर आकडा बराच कमी दाखवतो, कारण चमकदार धातू उष्णतेचे किरण फारसे सोडत नाही. हीट सिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून टेपवर गन धरायची. इथे उघड्या धातूवर ४१ दिसत होतं, टेपवर ८६.

खोकं इतकं का तापतं, त्याचा हिशेब साधा आहे. त्या मापाच्या प्लायच्या बंद खोक्यातून, आतबाहेर एक अंशाचा फरक असताना, साधारण तीन वॅट उष्णता भिंतींतून बाहेर जाते. इन्व्हर्टर ६५० वॅट देताना सव्वाशे वॅट स्वतःत जाळत होता. भागाकार केला की चाळीस अंशांची वाढ येते. बाहेर ३६ असेल तर आतली हवा ७५ च्या पुढे जायला निघालेली असते, आणि त्याआधीच यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. बाहेर २६ असते तर? तरी ६५ च्या पुढेच. म्हणजे ऊन नसतानाही हे खोकं काठावरच होतं, उन्हाने फक्त शेवटचे दहा अंश घातले. माझं या सगळ्या प्रकरणातलं म्हणणं हेच आहे. उन्हाचं आपण काही करू शकत नाही, पण त्याआधीचे चाळीस अंश आपणच बोटीत बसवलेले असतात आणि ते काढता येतात.

इन्व्हर्टरवरचा आकडाही नीट वाचायला हवा. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. १५०० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर फार तर १२०० वॅटचा. आणि चांगल्या कंपन्या माहितीपत्रकात क्षमता २५ अंशांना देतात, ४० अंशांना ती १० ते १५ टक्क्यांनी कमी लिहितात. घरगुती मालाच्या खोक्यावर ही दुसरी ओळ नसतेच. आतल्या मॉस्फेटचा (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) रोध तापमानाबरोबर वाढतो, म्हणून तापलेला इन्व्हर्टर त्याच लोडला आणखी उष्णता काढतो. कपॅसिटरचं तर गणित ठरलेलं आहे: दर १० अंश वाढीला त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. बंद पडून परत चालू होणारा इन्व्हर्टर "ठीक आहे" असं समजायचं नसतं. तो रोज थोडा थोडा म्हातारा होत असतो.

वायरीतली उष्णता

हा भाग बहुतेक जण बघत नाहीत, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

६५० वॅटच्या त्याच लोडवर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजणारा) लावला तर बॅटरीकडून ७० अँपिअर जात होते. बॅटरीच्या खुंटीवर १२.५ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर ११.१. मधले १.४ व्होल्ट गेले कुठे? मीटरची एक काडी खुंटीवर आणि दुसरी पुढे पुढे सरकवत गेलं की जागा सापडते. वायर होती १० स्क्वेअर एमएमची, एका बाजूने साडेतीन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सात. तिच्यातच ०.९४ व्होल्ट. उरलेले अर्ध्याच्या आसपास दोन गंजलेल्या थिंबलांत आणि मध्ये लावलेल्या एका एमसीबीत (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचमध्ये). हा एमसीबी घरातला, एसीचा. डीसीवर तो तोडायची वेळ आली तर आतली ठिणगी विझेलच याची खात्री नसते, म्हणून तो बोटीवर चालत नाही.

व्होल्टला अँपिअरने गुणलं की वायर आणि जोडांत मिळून ९८ वॅट नुसते जळत होते. शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी ही उष्णता, आणि तिचा साधारण तिसरा हिस्सा थिंबलांत आणि एमसीबीत, त्यातला काही इन्व्हर्टरच्या अंगालाच. वायरीचं पीव्हीसी टोकाशी तपकिरी होऊन मऊ पडलं होतं, बोटाने दाबलं तर दबायचं.

यातली वाईट गोष्ट म्हणजे ही उष्णता आणखी उष्णता आणते. इन्व्हर्टरला बाहेर ठरावीक वॅट द्यायचेच असतात. व्होल्ट कमी मिळाले की तो अँपिअर वाढवून घेतो. अँपिअर वाढले की वायरीत आणखी व्होल्ट पडतात, आणि मॉस्फेटमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. रात्री फ्लड, पंखे आणि वर पंप लागला की टर्मिनलवरचा आकडा साडेदहाच्या खाली जायचा आणि 'लो बॅट'चा दिवा लागायचा. बॅटरीत वीज असायची, पण ती वाटेत संपायची. नव्या बॅटऱ्या आणून का उपयोग झाला नाही, त्याचं उत्तर हे.

इंजिनरूममधून जाणाऱ्या वायरीला तर आणखी सूट काढावी लागते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात इंजिनरूममधली वायर ५० अंशांच्या हवेत आहे असं धरूनच तिची करंटची मर्यादा ठरवतात. आपल्याकडे दुकानात वायर घेताना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मधूनच घेतलेले १२ व्होल्ट

इन्व्हर्टर १२ व्होल्टचा आणि बोट २४ ची. मग वायरमनने सिरीजमधल्या खालच्या एका बॅटरीवरूनच इन्व्हर्टर जोडला होता. किनाऱ्यावर हे सर्रास दिसतं. दिसायला सोपं, पण अल्टरनेटरला दोन्ही बॅटऱ्या एकच वाटतात. तो २८ व्होल्ट देतो आणि ते निम्मे-निम्मे वाटले जातील असं धरून चालतो. तसं होत नाही. इंजिन चालू असताना मी मोजलं तर वरच्या बॅटरीवर १५.१ आणि खालच्या बॅटरीवर १२.९. खालची रोज उपाशी, वरची रोज उकळलेली. वरच्या बॅटरीला प्रत्येक फेरीत पाणी घालावं लागतं, हे तांडेलकाकांनी सहज सांगितलं होतं. त्यांना ते उन्हामुळे वाटत होतं. खालची बॅटरी कायम अर्धवट भरलेली असल्याने इन्व्हर्टरला मिळणारे व्होल्ट सुरुवातीपासूनच कमी, आणि कमी व्होल्ट म्हणजे जास्त करंट, म्हणजे जास्त उष्णता. सगळी दोरी फिरून त्याच गाठीला येत होती.

काय केलं

पहिलं काम लोड कमी करण्याचं. पंप इन्व्हर्टरवरून काढला, बेल्टवरच्या पंपाला नवा इम्पेलर घातला, आणि मोनोब्लॉक नाखव्याच्या घरी विहिरीवर गेला. फ्लड बदलून २४ व्होल्टचे घेतले, थेट डीसीवर. मोबाइलसाठी २४ व्होल्टवर चालणारे यूएसबी सॉकेट बसवले, बसला-ट्रकला लावतात तेच. आता इन्व्हर्टरवर राहिले चार पंखे आणि टीव्ही, धरून चाला ३०० वॅट.

मग इन्व्हर्टर. नाखव्याने २५०० व्हीएची तयारी ठेवली होती, घेतला तो १००० व्हीएचा, पण २४ व्होल्टचा आणि शुद्ध साइन वेव्हचा. त्याचं माहितीपत्रक मागून घेतलं आणि ४० अंशांची क्षमता बघूनच घेतला. व्होल्ट दुप्पट झाले की करंट निम्मा होतो आणि त्याच वायरीतली उष्णता चौथाई. ३०० वॅटला आता १३ अँपिअर पुरतात. वायर १६ स्क्वेअर एमएमची, टिन केलेल्या तांब्याची, थिंबल हायड्रॉलिक पंचने दाबलेले आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. बॅटरीच्या खुंटीपासून वीतभर अंतरात डीसीचा फ्यूज. दोन्ही बॅटऱ्यांवरून २४ घेतल्यामुळे मधली तार निघाली आणि वाटणीचा घोळ संपला.

पूर्वी सव्वाशे वॅट इन्व्हर्टरमध्ये आणि ९८ वायरीत जळत होते. आता दोन्ही मिळून ४५ च्या आत. थंड करण्याचा विचार त्यानंतरच सुरू झाला, आणि तोच क्रम बरोबर आहे. जी उष्णता निर्माणच झाली नाही तिच्यासाठी पंखा लागत नाही.

जागा बदलली. बाकाखालून उचलून केबिनच्या मागच्या भिंतीला, सावलीच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर. इन्व्हर्टर उभा, पाती वर-खाली येतील असा, म्हणजे गरम हवा आपसूक वर सरकते. चारी बाजूंनी वीतभर मोकळं राहील असं कपाट त्याच्याभोवती केलं. बॅटऱ्यांच्या खोक्यात मात्र इन्व्हर्टर कधीच ठेवायचा नाही. चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि इन्व्हर्टरच्या रिलेत ठिणगी पडते.

हवेचा हिशेब असा: दर तासाला लागणारी हवा, घनमीटरमध्ये, ही उष्णतेच्या वॅटला तीनने गुणून किती अंश वाढ चालेल त्याने भागली की मिळते. ४५ वॅट आणि फक्त १० अंश वाढ धरली तर १४ घनमीटर. जुन्या इन्व्हर्टरला तेच ४० च्या जवळ लागले असते, आणि चार भोकांतून ते शक्य नव्हतं. कपाटाला खाली एक आणि वर एक अशा १५ सेंटिमीटरच्या चौकोनी जाळ्या केल्या आणि वरच्या जाळीला २४ व्होल्टचा १२० एमएमचा ब्रशलेस पंखा लावला, बाहेर हवा फेकणारा. कपाटातली हवा ४५ अंशांवर गेली की तो एका छोट्या थर्मल स्विचने सुरू होतो.

पंखा बसवण्याआधी इन्व्हर्टरचा स्वतःचा पंखा हवा कुठून घेतो आणि कुठे सोडतो ते उदबत्तीच्या धुराने बघितलं. कपाटाचा पंखा आणि यंत्राचा पंखा एकमेकांविरुद्ध लागले तर दोघेही जोरात फिरतात आणि हवा जागची हलत नाही. हे मी इतक्या बोटींवर बघितलं आहे की उदबत्ती आता हत्यारांच्या पेटीतच असते.

हवा डेकवरून घ्यायची की केबिनमधून, यावर नाखव्याशी बरंच बोलणं झालं. बाहेरची हवा दोन-तीन अंशांनी गार असते हे खरं. पण तिच्याबरोबर तुषार येतात, आणि मिठाचा थर दमट हवेत ओलावा धरून ठेवतो. मग बोर्डावर नको तिथून वीज झिरपायला लागते. म्हणून हवा केबिनमधली घेतली आणि बाहेर टाकायच्या तोंडावर खाली वळलेली टोपी बसवली. इन्व्हर्टरच्या बोर्डावर संरक्षक लॅकर आधीच होतं, हेही खरेदीच्या वेळी बघून घेतलं होतं. जाळीला बारीक मच्छरदाणी लावायचा मोह होतो, पण ती दोन फेऱ्यांत बुजते. मोकळी जाळी आणि फेरीच्या शेवटी ब्रश, एवढं पुरतं.

सायलेन्सरचं फाटलेलं गुंडाळण नवं केलं. पार्टिशनवर २५ एमएम रॉकवूल आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मध्ये बोटभर मोकळी फट. केबिनचं छप्पर गडद हिरवं होतं, ते पांढरं रंगवलं. आधी दुपारी त्यावर हात ठेवता येत नसे, आता येतो. खलाशांना सगळ्या कामांतलं हेच सगळ्यांत जास्त आवडलं, कारण खाली झोपताना फरक कळतो.

२३० व्होल्टचा विषय निघालाच होता म्हणून तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज अंगातून गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लावली. ओल्या डेकवर अनवाणी माणसं असतात. इथे एक अट आहे: इन्व्हर्टरच्या आउटपुटचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल तर आरसीसीबी नुसती शोभेची राहते, आणि हा जोड कंपनीच्या पुस्तकात परवानगी असेल तरच द्यायचा. काही स्वस्त इन्व्हर्टर तसं केल्यावर जळतात.

एप्रिलमधला आकडा

एप्रिलच्या मध्याला बोट धक्क्याला लागलेली असताना पुन्हा मोजलं. बाहेर ३५. इंजिन तासभर चाललेलं, कपाटात ३८. मग ३०० वॅटवर दोन तास: कपाट ४३, हीट सिंकवरच्या काळ्या टेपवर ५५. बॅटरी ते इन्व्हर्टर फरक ०.०८ व्होल्ट. दोन बॅटऱ्यांमधला फरक चार्ज होताना ०.३ वर आला होता. कॅलेंडरवरची नोंद त्या मुलाने चालूच ठेवली होती. एप्रिलच्या पानावर एकही खूण नव्हती.

आखातात बोटींवर काम करणारे आपले बरेच लोक हे वाचतील, त्यांच्यासाठी एवढंच: तिथे ऑगस्टमध्ये समुद्राचंच पाणी ३४-३५ अंशांवर जातं आणि हवा ४५ च्या पुढे. ४० अंशांचा आकडाही तिथे पुरत नाही. माहितीपत्रकात ५० अंशांची ओळ शोधा, नसेल तर लागणाऱ्या लोडच्या दुप्पट क्षमता धरा. लिथियम बॅटरी असेल तर व्होल्ट टिकून राहतात ही चांगली बाजू, पण त्यामुळेच लोक तासन्‌तास पूर्ण लोडवर चालवतात आणि उष्णता साठत जाते.

इथल्या बोटीचं राहिलेलं काम बंदीच्या काळात होईल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात. पावसात ताडपत्रीखाली इन्व्हर्टर दमटपणाने उन्हाळ्यापेक्षा लवकर मरतो, म्हणून तो सोडवून घरी कोरड्या खोलीत न्यायचा आणि महिन्यातून एकदा तासभर चालवायचा, असं ठरलं आहे. थिंबल उघडून, पुसून, पेट्रोलियम जेली लावून पुन्हा कसायचे. पंख्यांच्या जागी २४ व्होल्टचे डीसी पंखे घालावेत असं माझं मत आहे. तसं झालं तर इन्व्हर्टर टीव्हीपुरताच उरेल, पण त्या पंख्यांची किंमत ऐकून नाखव्याने पुढच्या सीझनवर टाकलं.

वरची बॅटरी मात्र वाचली नाही. इतके महिने १५ व्होल्ट खाल्ल्यावर तिच्या प्लेटा गेल्या आहेत. ती एकटी बदलून चालणार नाही, नवी आणि जुनी सिरीजमध्ये लावली की वाटणीचा तोच घोळ परत सुरू होतो. १ ऑगस्टच्या आधी दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या आणि एकाच महिन्यात बनलेल्या घ्यायच्या आहेत.